७० लाखांच्या गाडीत अर्धा तास बसवत नाही, सीट नेमकी पारखायची कशी?

जिनिंगवाला_दारव्हा

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यात आमचं कापसाचं जिनिंग-प्रेसिंग आहे. वय ५३, उंची सहा फूट. घरी २०१३ ची इनोव्हा आहे, तीन लाख किलोमीटरच्या वर पळाली. महिन्यातून चार-पाच वेळा नागपूर होतं, हंगामात त्याहून जास्त. आई ७८ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तिला दर दीड महिन्याने नागपूरला दाखवायला न्यावं लागतं. माझी स्वतःची कंबरेच्या मणक्यातली एल४-एल५ ची चकती सरकलेली आहे. जास्त वेळ बसलो की उजव्या पायात पोटरीपर्यंत मुंग्या येतात. मुलगा म्हणाला, बाबा, जन्मभर गाठी मोजल्या, आता एक चांगली गाडी घ्या, तुमच्यासाठी आणि आजीसाठी. बजेट ७० लाखांपर्यंत ठेवलं आहे. आमच्यासाठी ही रक्कम लहान नाही, म्हणूनच इथे विचारतो आहे.

मागच्या महिन्यात आईला घेऊनच नागपूरला गेलो आणि तीन गाड्या पाहिल्या. कंपन्यांची नावं लिहीत नाही, कारण दोष त्यांचा की माझ्या शरीराचा हेच मला कळत नाही.

पहिली जर्मन सेडान. दार लावलं की बाहेरचा आवाज तुटतो. जिनिंगचा मेन स्विच पाडल्यावर सरकी वेगळी करणारे सगळे रेचे एकदम थांबतात ना, तशी शांतता. शोरूममधला मुलगा चांगला होता, मन लावून सगळं दाखवत होता. स्क्रीन, दारातल्या दिव्यांचे रंग, मागचा पडदा. माझं लक्ष मात्र मांडीकडे होतं. गादी आमच्या जुन्या गाडीपेक्षा चार बोटं आखूड. गुडघ्यामागची वीतभर मांडी हवेत, सगळा भार बसण्याच्या दोन हाडांवर. बाजूचे उंचवटे कमरेला दोन्हीकडून आवळत होते. वर्धा रोडने एक चक्कर मारून आणली, जेमतेम वीस मिनिटांची. परत येईपर्यंत पायात मुंग्या सुरू.

त्यातच आईला मागे बसवलं. लुगडं सावरत ती वाकली, आत टेकली आणि म्हणाली, "बापू, याच्यात मी विहिरीत उतरल्यासारखी वाटते. निंगाले दोन माणसं लागतीन." खरंच दोघांनी धरून काढलं. त्या वेळी तिने दाराची कड घट्ट धरली होती, तो हात अजून डोळ्यासमोर आहे.

दुसरी उंच एसयूव्ही. त्यात आईला पायरी लागते, आणि बसल्यावर पाय जमिनीला टेकत नाहीत. तिसरी इलेक्ट्रिक. तिचं सगळं आवडलं, पण मागे बसलं की गुडघे छातीकडे येतात. आधी वाटलं, पुढची सीट फार मागे असेल. ती सरकवली तरी तेच.

आता आमचा रस्ता सांगतो. कारंज्याहून समृद्धीवर चढलो की गाडी कुठलीही असो, सीट बरीच वाटते, कारण खाली सपाट काँक्रीट आहे. खरी परीक्षा घर ते कारंजा. आमची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते. त्यामुळे डांबरी रस्ता नवा केला तरी दोन-तीन वर्षांत त्याला लाटा पडतात. खड्डा दिसतो तरी, लाट दिसत नाही. गाडी पुढून मागून डोलते आणि प्रत्येक डोलण्याला कंबर हिसका खाते. शोरूमवाले या रस्त्यावर गाडी देत नाहीत.

कापूस घेताना आम्ही गाडीवरचा वरचा पांढरा थर पाहून भाव करत नाही. हात कोपरापर्यंत आत घालतो, मधला कापूस ओढून काढतो, ओल पाहतो, सरकी दाताखाली धरतो. आठ टक्के ओल आणि बारा टक्के ओल यात शेतकऱ्याच्या पदरात पडणारे पैसे बदलतात. मग ७० लाखांची वस्तू दहा मिनिटं टेकून कशी घ्यायची? सीटमध्ये हात कुठे घालायचा, तेवढं सांगा. हजार-दोन हजार किलोमीटरनंतर सीट अंगाला बसते असं त्या मुलाने सांगितलं, ते कितपत खरं? बाहेरच्या सीटवाल्याकडून गादी बदलून घेता येते का? आणि आमच्यासारख्या दोन दुखण्यांच्या घराने नेमकं काय पाहावं?

संत्राबाग_वरूड

जिनिंगवाले भाऊ, तुमचं वाचलं अन् मले माह्यीच गोष्ट आठोली. संत्र्याचा आंबिया बहार चांगला साधला होता त्या वर्षी, तवा मी पण अशीच एक मोठी गाडी घेतली. कंपनीचं नाव मी पण सांगत नाई. शोरूममंदी पंधरा मिनिटं बसलो, लय मऊ लागली, तिथंच सही केली.

ते मऊपणच धोका होता भाऊ. वरूडहून निघालो की जलालखेड्यापर्यंत बरं वाटे. काटोल आलं की मी सीटमंदी एवढा रुतलेला राहो की कंबर गोल होऊन जाये. पाठीमागं उशी लावून पाह्यली, टॉवेलाची गुंडाळी लावून पाह्यली. १४ महिन्यांत विकली. तोटा मोठा झाला अन् तो मी विसरलो नाई.

सीट अंगाले बसते म्हणतात ते अर्धं खरं हाय. फोम थोडा नरम पडते. पण आखूड गादी लांब होत नाई अन् अरुंद सीट रुंद होत नाई. तुमची मांडी आज हवेत हाय तं दोन वर्षांनी बी हवेतच राहीन.

माह्यं एकच सांगणं. त्यायले म्हणा, गाडी एक दिवसासाठी द्या, पेट्रोल माह्यं. मोठ्या गाडीच्या गिऱ्हाइकाले देतात, पण मागा लागते. नाई दिली तं दुसऱ्या गावचा शोरूम पाहा. अन् माय संग असू द्या. तिच्याशिवाय गाडी ठरवू नका.

वर्धा_फिजिओ

दादा, मी वर्ध्याला फिजिओथेरपिस्ट आहे. कंबरेचे निम्मे पेशंट ड्रायव्हिंगवाले येतात, त्यामुळे तुमचं दुखणं ओळखीचं आहे.

तुम्ही लिहिलंय की दोष गाडीचा की शरीराचा कळत नाही. दोष दोघांच्या जुळणीचा असतो. सहा फुटी माणसाची मांडी लांब असते. गादी आखूड असली की मांडीवर जायला हवा तो भार बसण्याच्या हाडांवर पडतो, ओटीपोट मागे कलतं, कंबरेची नैसर्गिक कमान सरळ होते आणि चकतीवर दाब वाढतो. स्वीडनमधले अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात माणसाच्या चकतीत सुई घालून हा दाब प्रत्यक्ष मोजला होता. टेकू न घेता बसलेल्या माणसाच्या चकतीवर उभ्या माणसापेक्षा जास्त दाब भरला. पाठ मागे कलवली आणि कंबरेला आधार दिला की तो उतरतो, हेही त्यांच्याच गटाने पुढे मोजलं. नंतरच्या अभ्यासांत आकडे थोडे वेगळे आले, पण टेकू आणि कल यांचं महत्त्व कमी झालं नाही.

आता हात कुठे घालायचा ते. आधी मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवा. तुमचं दुखणं उजव्या पायात आहे आणि पाकीटही बहुतेक उजव्याच खिशात असणार. त्या जाड पाकिटावर बसलं की सायटिक नस जिथून जाते तिथेच दाब येतो. मग पूर्ण मागे सरकून बसा. गादीची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन ते तीन बोटं मावली पाहिजेत. वीतभर जागा उरत असेल तर ती सीट तुमची नाही, मग ती कितीही लाखांची असो. एकही बोट मावत नसेल तर ती तुमच्यासाठी लांब आहे, गुडघ्यामागची रक्तवाहिनी दाबली जाईल. गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली हवेत. पाठ काटकोनात ठेवू नका, १०० ते ११० अंशांपर्यंत कलवा.

लंबरचं, म्हणजे सीटमधल्या कंबरेच्या आधाराचं, बटण असेल तर ते चारही दिशांना चालतं का ते पाहा. नुसतं आत-बाहेर होणारा लंबर माझ्या मते अर्धाच. तो वर-खालीही हवा, कारण प्रत्येकाची कमान वेगळ्या उंचीवर असते. पट्टा बांधतो त्याच्या किंचित वर आधार लागला पाहिजे. बहुतेक लोक तो पूर्ण फुगवून ठेवतात आणि मग पाठीत गोळा टोचतो म्हणून बंद करतात. थोडाच फुगवा.

आईंबद्दल. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसासाठी सीटची गादी जमिनीपासून त्यांच्या गुडघ्याच्या उंचीएवढी किंवा दोन बोटं जास्त असावी. खाली असली तर उठताना खुबा जास्त वाकतो, फार वर असली तर चढताना तोल जातो. बसताना आधी पाठ गाडीकडे करून टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. एक पाय आत टाकून मग अंग ओढायचं नाही. गादीवर गुळगुळीत कापड टाकलं की लुगडं अडकत नाही आणि वळणं सोपं जातं. बसून झालं की ते काढून घ्या, नाहीतर ब्रेक लागल्यावर घसरायला होईल. नागपूरला जाताना त्यांनाही मधे एकदा उतरवून चार पावलं चालवा.

नांगरफाळ

इनोव्हाची गादी लांब म्हणता तर तिच्याच इंजिनचं काम काढून परत तीन लाख चालवा. आम्ही तेच केलं.

फोमवाला_बुटीबोरी

मी चाकणला गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कारखान्यात ११ वर्षं काढली, आता बुटीबोरीला आहे. वरच्या ताईंनी शरीराचं सांगितलं, मी लोखंडाचं आणि फोमचं सांगतो.

आधी इलेक्ट्रिक गाडीचं कोडं. पुढची सीट सरकवून उपयोग नाही, कारण अडचण आडवी नाही, उभी आहे. बॅटरी फरशीखाली असते म्हणून फरशी वर येते. छत वर नेलं तर गाडी बोजड दिसते आणि हवेला जास्त अडते, म्हणून मागची सीट खालीच ठेवतात. फरशी आणि गादी यांतलं अंतर कमी झालं की गुडघे वर येतात आणि मांडी उचलली जाते. सगळ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत असं नसतं, काहींमध्ये मागच्या पायांसाठी बॅटरीत खोलगट जागा ठेवलेली असते. टेप घेऊन जा आणि फरशी ते गादी मोजा.

सेडानचं बघा. तुमचा निम्मा त्रास सीटचा नसून चाकांचा असेल. शोरूममधली गाडी बहुतेक वेळा वरच्या मॉडेलची असते आणि तिला मोठी चाकं असतात. टायरवरचा आकडा वाचा. २४५/४० आर२० असेल तर रबराची भिंत ९८ मिलिमीटर. २३५/६० आर१८ असेल तर तीच १४१ मिलिमीटर. तेवढी हवा आणि रबर तुमच्या कंबरेच्या आधी हिसका खातात. त्यात रनफ्लॅट टायर असेल तर भिंत मुद्दाम कडक केलेली असते, म्हणजे पंक्चर झाल्यावरही गाडी काही अंतर चालावी म्हणून. काळ्या मातीच्या रस्त्यावर तो कडकपणा थेट अंगात येतो. बसलेल्या माणसाच्या धडाला साधारण ४ ते ६ हर्ट्झची थरथर सर्वात जास्त लागते, आणि सीटच्या फोमकडे ती अडवायची ताकद फारशी नसते. ते काम टायर आणि सस्पेन्शनने आधीच करायचं असतं.

बाहेरून गादी बदलायचा विचार कृपा करून सोडा. पुढच्या सीटच्या बाहेरच्या कडेत साइड एअरबॅग असते, ती शिवण फाडूनच बाहेर येते. त्यावर जाड कव्हर घट्ट चढवलं तर ती वेळेवर उघडणार नाही. गादीखाली माणूस बसलाय का हे ओळखणारा सेन्सर असतो, कुठे हवा खेळवणारे पंखेही. फोम कापला की हे सगळं बिघडतं, आणि वॉरंटीवाला हात वर करतो. हवेशीर सीट घेतलीत तर तिच्यावर कव्हर घालूच नका, चामड्याची बारीक भोकं बुजली की तिचा उपयोग संपला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा गरम सीटपेक्षा हवेशीर सीट शंभर पटीने कामाची. रंगही काळा घेऊ नका. उन्हात उभ्या गाडीचं काळं चामडं हाताला सोसत नाही, आईंच्या हाताला तर नाहीच.

आणखी एक. शोरूमवाल्याला विचारा, गादी पुढून लांब करता येणारी सीट मिळते का. बऱ्याच कंपन्यांत ती असते, पण ठरावीक मॉडेललाच किंवा वेगळे पैसे देऊन. जर्मनीत एजीआर नावाची पाठीच्या आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे, ती सीट तपासून शिक्का देते. लांबी कमी-जास्त होणारी गादी आणि चारही दिशांचा लंबर या गोष्टींवर तिचा भर असतो. असा शिक्का असलेली सीट तुम्हाला जमेलच असं नाही, पण यादी लहान करायला उपयोगी.

आणि पायाकडे बघायला विसरू नका. जर्मन गाडी मुळात डाव्या स्टिअरिंगची असते. उजवीकडे आणताना काही गाड्यांत पेडल थोडे बाजूला सरकतात किंवा डावा पाय टेकवायची जागा अरुंद होते. मग माणूस नकळत कंबरेतून पिळून बसतो. बसल्यावर स्टिअरिंगचा मध्य, तुमची छाती आणि पेडल एका रेषेत आहेत का ते पाहा. एल४-एल५ वाल्याला हा पीळ सगळ्यात वाईट.

जिनिंगवाला_दारव्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण करून पाहिल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

नांगरफाळ भाऊ, तुमचं म्हणणं मनाला पटलं होतं. पण इनोव्हाची पायरी चढताना आई आता थांबून श्वास घेते, म्हणून बदल करायचाच आहे.

पाकीट उजव्याच खिशात होतं. तीस वर्षं तिथेच आहे. ते काढून समोरच्या कप्प्यात ठेवायला लागलो आणि जुन्याच गाडीत नागपूरला जाऊन आलो, तर मुंग्या अर्ध्या वाटेऐवजी पार नागपूर जवळ आल्यावर सुरू झाल्या. ताई, एवढ्या साध्या गोष्टीसाठी मी किती वर्षं गोळ्या खाल्ल्या.

मग बायकोच्या शिलाईच्या डब्यातला टेप घेऊन परत शोरूमला गेलो. निघण्यापूर्वी घरी आईला खुर्चीवर बसवून गुडघ्यापर्यंतची उंची मोजली, ४३ सेंटिमीटर भरली. माझी कमरेपासून गुडघ्यामागपर्यंतची मांडी मुलाने मोजली. हे आकडे वहीत लिहून घेतले. शोरूममधल्या मुलाला आधी नवल वाटलं, नंतर तोच वाकून टेपचं दुसरं टोक धरायला लागला. त्याच्या घरीही म्हातारी आजी आहे म्हणाला.

उंच एसयूव्ही टेपने तिथेच बाद केली. सेडानही बाद, आईच्या गुडघ्याच्या उंचीपेक्षा गादी बरीच खाली. इलेक्ट्रिकमध्ये फरशी ते गादी अंतर खरोखरच कमी होतं, फोमवाले भाऊ, तुम्ही गाडी न बघता सांगितलंत. मग त्या मुलानेच एक चौथी गाडी दाखवली जी आम्ही आधी पाहिलीच नव्हती. सेडान आणि एसयूव्ही यांच्या मधली उंची. आईसाठी गादी ४५ सेंटिमीटरवर, म्हणजे एक बोट वर, ताईंच्या हिशेबात बसणारी. वरच्या मॉडेलला २० इंची चाकं होती. मी खालच्या मॉडेलची १८ इंची मागितली. मात्र लांब होणारी गादी तिला वेगळे पैसे देऊन घ्यावी लागणार होती. ती ओढून बाहेर काढली, मागे सरकून बसलो, बोटं घातली, बरोबर तीन.

एक दिवसासाठी गाडी मागितली. आधी नाही म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही मला काँक्रीटवर फिरवता, मी राहतो काळ्या मातीवर. मॅनेजरशी अर्धा तास बोललो, शेवटी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मिळाली, त्यांचा माणूस सोबत. समृद्धीने कारंज्याला उतरलो आणि तिथून घरापर्यंतचा तोच लाटांचा रस्ता. त्या माणसाला वाटेत दोन ठिकाणी गाडी हळू घ्या म्हणावंसं वाटलं, पण मी मुद्दाम नेहमीच्याच वेगाने नेली. डोलणं आहे, नाही असं नाही. पण हिसका गेला. घरी पोचलो तेव्हा पाय जागे होते.

गाडी अंगणात लावली. आई ओसरीवरून काठी टेकत आली. ताईंनी सांगितल्याप्रमाणे गादीवर तिचंच जुनं रेशमी लुगडं दुमडून टाकलं. तिने पाठ केली, टेकली, मी नुसता कोपर धरला आणि दोन्ही पाय एकदम आत गेले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग हाताने गादी चाचपत म्हणाली, "हे चालते. इथून मले वावर दिसते."

परत नागपूरला नेताना तिला सोबत घेतलं. कारंज्याच्या पुढे एका विश्रांतीच्या ठिकाणी उतरवून चार पावलं चालवलं. तिथे ती माझ्या हाताशिवाय उठली.

बुकिंग केलं. रंग आतून फिकट, हवेशीर सीट, १८ इंची चाकं, लांब होणारी गादी. स्क्रीनवरचे बरेचसे पर्याय काढून टाकले आणि ते पैसे सीटमध्ये घातले. दीड महिन्याने मिळेल म्हणतात. टेप मी गाडीच्याच कप्प्यात ठेवणार आहे, कारण मुलीच्या सासऱ्यांचे गुडघे दुखतात आणि त्यांनाही गाडी घ्यायची आहे.